आगरदांड्याहून केपटाउन किती लांब?



आमच्या गटाची महिन्याची बैठक समाजमंदिरात असते. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, की चहा येईपर्यंत गप्पा. गेल्या पावसाळ्याआधीच्या बैठकीत गप्पांना कुणाचा जीव नव्हता. आमच्या गटातली खाला चार दिवसांपूर्वी गेली होती. सगळ्या तिला खालाच म्हणायचो, हिंदूंच्या बायकासुद्धा. तिची मुलगी केपटाउनला दिलेली. ती आली, पण मातीला पोचली नाही. बैठकीत एका सुनेनं मला विचारलं, “बाई, विमानानं आली तरी पोचली नाही. केपटाउन एवढं लांब आहे का हो?”

मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. फळ्यावर जगाचा नकाशा टांगून कितीतरी वेळा बोट फिरवलं असेल. पण या प्रश्नाचं उत्तर मला एका वाक्यात देता आलं नाही. म्हणून आज रेडिओवर जरा सविस्तर बोलते.

आधी सोपा भाग. मुंबईचा विमानतळ आणि केपटाउनचा विमानतळ यांच्यात सरळ अंतर सुमारे सव्वाआठ हजार किलोमीटर आहे. सरळ म्हणजे कसं, तर एक सोललेला नारळ घ्या. शेंडीकडची बाजू उत्तर ध्रुव, खालची दक्षिण ध्रुव. वरच्या अंगाला मुंबईची एक खूण करा, खाली डावीकडे आफ्रिकेच्या टोकाला केपटाउनची. आता दोन्ही खुणांना दोरा लावून ताणा. ताणलेला दोरा नारळावर जिथून जाईल तो सगळ्यात जवळचा रस्ता. आपल्या दोऱ्याखाली अरबी समुद्र येतो, मग हिंदी महासागर, आणि मोझांबिकच्या आसपास तो आफ्रिकेच्या जमिनीला लागतो. अर्ध्याहून जास्त वाट नुसतं पाणी.

मोठं प्रवासी विमान तासाला साडेआठशे ते नऊशे किलोमीटर जातं. सव्वाआठ हजाराला भागा. दहा तासांच्या आत-बाहेर उत्तर येतं. म्हणजे रात्री जेवून बसलं तर सकाळच्या न्याहारीला केपटाउन. हिशेब बरोबर आहे, फक्त एक अडचण आहे. मुंबईहून केपटाउनला थेट जाणारं विमानच नाही.

कुठे तरी उतरून दुसरं विमान धरावं लागतं. बरेच लोक दुबईवरून जातात. मुंबई ते दुबई एकोणीसशे किलोमीटरच्या थोडं वर, दुबई ते केपटाउन साडेसात हजारांच्या वर. बेरीज साडेनऊ हजार. म्हणजे सरळ वाटेपेक्षा तेराशे किलोमीटरचा वळसा. दुसरी वाट अदिस अबाबावरून. ही इथिओपिया देशाची राजधानी. तिथून गेलं तर वळसा आठशे-साडेआठशे किलोमीटरचाच पडतो. मुंबई ते अदिस सव्वापाच-साडेपाच तास, अदिस ते केपटाउन पावणेसात तासांच्या आसपास. खालाची मुलगी याच वाटेनं आली.

अदिस अबाबाचं नाव ऐकलं की मला आपली खाडी आठवते. इथिओपियाचं जुनं नाव हबश. तिथून आलेले ते हबशी, म्हणजेच आपले सिद्दी. कुणी गुलाम म्हणून विकले गेलेले, कुणी खलाशी, कुणी शिपाईगिरी करणारे. राजपुरीच्या खाडीच्या तोंडावर जंजिरा उभा आहे तो त्यांचाच. शिवाजी महाराजांनी समोर कासा बेटावर पद्मदुर्ग बांधला, संभाजी महाराजांनी वेढा दिला, तरी जंजिरा हाती लागला नाही, हे आपण शाळेत शिकलो. या सिद्दींवरून आपल्या मुलखाला नाव पडलं हबसाण. मुरूड, आगरदांडा, दिघी, श्रीवर्धन, म्हसळा हा सगळा पट्टा जंजिऱ्याच्या नवाबाचा. १९४८ साली संस्थान विलीन झालं, तेव्हा आपण मुंबई प्रांतात आलो. जुनी माणसं अजून हबसाण म्हणतात.

ते सिद्दी हबशातून इथे कसे आले? गलबतानं, वाऱ्यावर. थंडीच्या महिन्यांत वारा आपल्याकडून आफ्रिकेकडे वाहतो, पावसाळ्याच्या तोंडाला उलट फिरतो. वारा चांगला असला तर महिनाभरात समुद्र पार व्हायचा. पण परत यायचं तर वारा फिरेपर्यंत तिकडेच मुक्काम. अंतर महिन्याचं, फेरी वर्षाची. कोळणींना हे सांगायला नको. नारळी पौर्णिमेआधी दर्यात होडी लोटत नाहीत ते याच वाऱ्यामुळे.

मग आगबोटी आल्या. त्यांना वाऱ्याची वाट बघावी लागत नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी रत्नागिरीकडची आणि आपल्या हबसाणातली बरीच कोकणी मुसलमान माणसं दक्षिण आफ्रिकेला जाऊ लागली. ऊसमळ्यांवर करारानं नेलेले मजूर वेगळे. हे आपल्या पैशानं तिकीट काढून जाणारे. केपटाउनला पोचून कुणी टोपली घेऊन भाजी-फळं विकली, कुणी दुकानात नोकर राहिला, मग स्वतःचं दुकान टाकलं. आजही केपटाउनमध्ये स्वतःला ‘कोकणी’ म्हणवणारी कुटुंबं आहेत.

आता आगरदांड्याहून निघालेल्या माणसाचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. पहिली गोष्ट मुंबई गाठणं. रस्ता धड नव्हता, मधे खाड्याच खाड्या. किनाऱ्यानं जाणाऱ्या आगबोटी होत्या, त्या पावसाळ्यात बंद. मुंबईचा समुद्र काही घरचं अंगण नव्हे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली. अलिबागच्या बाजूला अजून अशी घरं आहेत जिथे आषाढी अमावास्येला कुणाचं तरी नाव निघतं. तर मुंबई गाठायची, तिथून मोठी आगबोट धरायची. ती मोंबासा, झांझिबार, दारेसलाम, बैरा असे धक्के घेत दरबानला जायची. दोन-तीन आठवडे गेले समजा. दरबानला उतरल्यावर केपटाउन आणखी बरंच लांब.

म्हणजे महिन्याचा सव्वा महिना. वाऱ्याच्या काळापेक्षा फार कमी झालं असं नाही, पण वर्षाच्या कुठल्याही महिन्यात निघता येऊ लागलं. पुरुषांना. बायकांचं मी आता सांगते.

बायका इथेच राहिल्या. माझ्या लहानपणी आमच्या आळीच्या टोकाला खालाची सासू राहायची, आम्ही तिला मोठी खाला म्हणायचो. तिचा नवरा केपटाउनला. मी त्याला उभ्या जन्मात एकदा पाहिलं, डोक्याला लाल टोपी आणि हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, एवढंच आठवतं. मोठी खाला वर्षातून दोनदा माझ्या आईकडून पत्र लिहून घ्यायची. उत्तर येईपर्यंत आंब्याला मोहोर यायचा नाहीतर आंबे संपायचे. आई तिला म्हणायची, तुम्ही का नाही जात तिकडे? ती म्हणायची, “कागद नाय झाला.”

हा कागद म्हणजे काय ते मला खूप उशिरा, पुस्तकं वाचून समजलं. दक्षिण आफ्रिकेतल्या इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी केपटाउनच्या सरकारी दप्तरातल्या जुन्या फायली वाचून यावर पुष्कळ लिहिलं आहे. केपच्या सरकारनं १९०२ आणि १९०६ मध्ये बाहेरून येणाऱ्यांना रोखणारे कायदे केले. युरोपातली एखादी भाषा लिहिता आली पाहिजे, अशी अट घातली. आधीपासून राहणारा माणूस सुट्टीवर गावी निघाला तर त्याला परवाना घ्यावा लागे. परवान्यावर फोटो, अंगठ्याचे ठसे, शरीरावरच्या खुणा. परवान्याला मुदत. मुदत उलटली की परत जायचा हक्क गेला. बोट चुकली, आजारपण आलं, आई अंथरुणाला खिळली, तरी तारीख ती तारीखच. म्हणून नवरे घाईघाईत यायचे आणि घाईघाईत जायचे.

आणि बायकोला न्यायचं तर ती आपली बायको आहे हे आधी सिद्ध करायचं! मार्च १९१३ मध्ये केपच्या कोर्टात बाई मरियम नावाच्या बाईचा खटला उभा राहिला. ती हिंदुस्थानातून नवऱ्याकडे आली होती. न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ज्या धर्मात एकापेक्षा जास्त बायकांची मुभा आहे त्या धर्माप्रमाणे लागलेलं लग्न इथल्या कायद्यात लग्न धरता येणार नाही. बाई मरियमचा नवऱ्याकडे जायचा रस्ता बंद. आणि तिच्या एकटीचा नव्हे. हिंदू, मुसलमान, पारशी, सगळ्यांचीच लग्नं त्या निकालानं अधांतरी झाली. सातासमुद्रापार नवऱ्याच्या दारात येऊन उभी राहिलेली बाई, आणि कायदा म्हणतो तू याची कुणी नाहीस.

त्या वर्षी गांधीजींच्या सत्याग्रहात बायका उतरल्या त्याचं हे एक मोठं कारण. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबा तिथे तुरुंगात गेल्या, तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. चंपारण, दांडी ही पुढची गोष्ट. कस्तुरबांचा पहिला तुरुंग दक्षिण आफ्रिकेतला, आणि तो लग्नाच्या बायकोला बायको म्हणावं यासाठी. १९१४ च्या कायद्यानं एका बायकोला आणि अज्ञान मुलांना येण्याची वाट मिळाली.

तरी पुष्कळ बायका गेल्या नाहीत. कुणाला सासू-सासरे सोडता आले नाहीत, कुणाला नवऱ्यानं नेलं नाही, आणि कागद तर अवघडच. पुढे १९५३ साली तिथल्या वर्णभेदी सरकारनं नवा कायदा केला आणि हिंदुस्थानातून बायको आणण्याची वाटही बंद केली. थोडी मुदत दिली, त्यात गेल्या त्या गेल्या. आमच्या मोठ्या खालाचा ‘कागद नाय झाला’ हा त्या वर्षांतला असावा असा माझा हिशेब आहे. तिला कुणी कायद्याचं नाव सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं एजंटानं पैसे खाल्ले.

आता गंमत बघा. मोठ्या खालाचा कागद अडकला होता, त्याच काळात आकाशातला रस्ता झपाट्यानं आखूड होत होता. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून एक इंजिनाचं छोटं विमान स्वतः चालवत निघाले. अहमदाबादला थांबून जुहूला उतरले. विमानात माणसं नव्हती, टपालाच्या थैल्या होत्या. अहमदाबादला विमानासाठी पेट्रोल आणलं ते बैलगाडीतून, असं सांगतात. त्यानंतर सोळा वर्षांनी, ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान मुंबईहून लंडनला गेलं. मलबार प्रिन्सेस त्याचं नाव, पस्तीस प्रवासी, वाटेत कैरो आणि जिनिव्हाला मुक्काम. १९५० ला मुंबई-नैरोबी विमान सुरू झालं. आफ्रिका एका दिवसावर आली! १९६० ला बोइंग ७०७ ही जेट विमानं आली आणि वेग जवळजवळ दुप्पट झाला.

नैरोबीपर्यंत विमान गेलं, पण त्याच्या खाली दक्षिण आफ्रिकेला नाही. त्याला कारण आपलंच सरकार, आणि मला विचाराल तर बरोबर कारण. तिथल्या भारतीयांना जमीन घेण्यावर बंदी घालणारा कायदा झाला तेव्हा, १९४६ साली, भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. असं करणारा जगातला पहिला देश आपला. आपल्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका वगळून इतर देशांत चालेल असं लिहिलेलं असे. आफ्रिकेतल्या नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांनीही १९६३ पासून दक्षिण आफ्रिकेच्या विमानांना आपल्या डोक्यावरून जायला मनाई केली. त्यांची लंडनला जाणारी विमानं अख्ख्या आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला वळसा घालून समुद्रावरून जाऊ लागली. जोहान्सबर्ग आहे तिथेच, लंडन आहे तिथेच, पण रस्ता लांबला.

बरोबर कारण म्हटलं खरं, पण त्याची किंमत आमच्या आळीतसुद्धा कुणीतरी मोजली. मोठ्या खालाचा नवरा तिकडेच वारला. बातमी कशी आली ते आईनं मला सांगितलं होतं. आधी उडत उडत मुरूडच्या बाजारात कळलं, मग पत्र आलं. पत्र येईपर्यंत त्याचा चाळिसावा होऊन गेला होता.

पुढचं पटकन सांगते. १९९३ ला दोन्ही देशांचे संबंध पुन्हा जुळले, १९९४ ला नेल्सन मंडेला निवडून आले. मुंबई-जोहान्सबर्ग थेट विमानही काही वर्षं होतं. येण्याजाण्याची बंधनं सुटली, जुन्या सोयरिकी पुन्हा जोडल्या गेल्या. आमच्या खालाच्या मुलीचं लग्न त्यातलंच. ती माझ्या वर्गात होती. भूगोलात चांगली नव्हती. लग्न ठरल्यावर माझ्याकडे आली, म्हणाली, “बाई, नकाशात दाखवा.” मी दाखवलं. ती म्हणाली, “एवढं खाली?”

आता विमानाच्या वेळेबद्दल दोन-तीन गोष्टी सांगते, कारण आपल्या कितीतरी घरांतून मुलं दुबई, कुवेत, कतारला जातात आणि तिकिटावरची वेळ बघून आया गोंधळतात. तिकिटावर निघण्याची वेळ निघतो त्या गावाची असते, पोचण्याची वेळ पोचतो त्या गावाची. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. म्हणून पहाटे चारला निघून पावणेसहाला पोचला असं तिकिटावर दिसलं तर तो पावणेदोन तासांत गेला नाही, सव्वातीन तास लागले. केपटाउन आपल्या साडेतीन तास मागे. तुमच्याकडे सकाळचे आठ तेव्हा तिथे पहाटेचे साडेचार. फोन करताना हे लक्षात ठेवा, नाहीतर जावई वैतागतो.

तिकिटावरच्या वेळेत विमान धक्क्यावरून हलल्यापासून दुसऱ्या धक्क्याला लागेपर्यंतचा सगळा वेळ धरलेला असतो. धावपट्टीच्या रांगेत उभं राहणंसुद्धा. आणि एकाच दोन गावांत जातानाची आणि येतानाची वेळ सारखी नसते. दुबईला जायला जास्त लागतो, यायला कमी. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. तिकडे जाताना तो तोंडावर येतो, इकडे येताना पाठीशी असतो. होडी वल्हवणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्लीहून अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिकवरून न्यायचं सोडून उलट बाजूनं, पॅसिफिक महासागरावरून न्यायला सुरुवात केली. तो रस्ता जवळजवळ चौदाशे किलोमीटरनं लांब, पण वारा पाठीशी, म्हणून विमान दोनेक तास आधी पोचू लागलं. लांबचा रस्ता लवकरचा! हे वाचलं तेव्हा मला आपले जुने तांडेल आठवले. वारा कुठला ते बघूनच ते शीड लावायचे.

आणि एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला पहिलं थेट विमान आलं. दोन्ही गावांत सरळ अंतर चौदा हजार किलोमीटरला थोडंसंच कमी, आणि रस्ता उत्तर ध्रुवावरून. नारळावर दोरा ताणलात तर दिसेल, तो शेंडीजवळूनच जातो. सुमारे सतरा तास विमान हवेत. चालवणाऱ्या चौघीही बायका. झोया अग्रवाल मुख्य, त्यांच्याबरोबर पापागारी तन्मयी, आकांक्षा आणि शिवानी मन्हास. ज्या कोर्टानं बाई मरियमला बायको म्हणून घेतलं नाही, त्या निकालाला तेव्हा एकशे आठ वर्षं होत आली होती.

आता खालाकडे येते.

खाला पहाटे साडेपाचला गेली. मुलीला फोन त्याच मिनिटाला लागला. तिथे रात्रीचे दोन वाजले होते. मोठ्या खालाला महिन्यानं कळलं, हिला मिनिटात. मी तिचा सगळा प्रवास नंतर तिच्याकडूनच विचारून वहीत मांडला, शिक्षिकेची खोड. रात्री दोनला काहीच नाही. सकाळी तिकीट शोधलं. पहिलं विमान ज्यात जागा होती ते दुपारी अडीचचं, म्हणजे आपल्या घड्याळात संध्याकाळचे सहा. तीन तास आधी विमानतळावर. तोपर्यंत इकडे असरची नमाज होऊन खालाला कबरस्तानात नेलं होतं. आपल्याकडे थोरल्या मुलासाठी प्रेत थांबवतात, कधी बर्फावर ठेवतात. त्यांच्यात तसं करत नाहीत, मातीला उशीर करू नये असं मानतात. तिला हे माहीत होतं. विमान हललं तेव्हाच तिला माहीत होतं.

पावणेसात तासांनी अदिस अबाबा. तिथे दीड तास बाकड्यावर. म्हणाली, “बाई, तिथे सगळ्या बायका पांढऱ्या शाली घेऊन होत्या, मला वाटलं सगळ्यांच्याच घरी कोणी गेलंय.” मग सव्वापाच तास आणि मुंबई, सकाळचे साडेसात. पासपोर्टची रांग, बॅग. साडेआठला गाडीत बसली. पेण, अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत आगरदांड्याला दारात उतरली तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

फोनपासून दारापर्यंत साडेएकतीस तास. त्यातले विमान हवेत होतं बारा. बाकीचे साडेएकोणीस जमिनीवर गेले, तिकीट शोधण्यात, रांगेत, बाकड्यावर, आणि साडेचार तास आपल्या रस्त्यावर. आगरदांडा ते मुंबईचा विमानतळ आकाशातून मोजलं तर शंभर किलोमीटरसुद्धा नाही. विमानाला सात मिनिटं. रस्त्यानं दीडशेच्या वर. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून आपण रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं ऐकतो. त्याला चाळीस वर्षांच्या वर झाली. दिघीला जायला आजही फेरीबोटीतच गाडी चढवायची.

मागच्या वर्षी, ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून तिथून विमानं सुटू लागली. तो आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे. त्यासाठी तिथल्या दहा गावांना घरदार सोडून उठावं लागलं, त्या बायकांशी कुणी रेडिओवर बोललं पाहिजे. आमच्या गटातल्या पोरी मात्र हिशेबाला लागल्या, की पुढच्या वेळी तिथे उतरलं तर मुंबईची गर्दी टळेल, दीड तास तरी वाचेल. एकीनं विचारलं, “मग खाला मिळाली असती का?” मी वही काढली, पुन्हा बेरीज केली. नसती मिळाली. दीड काय, वीस तास वाचायला हवे होते.

मुलगी चाळिसाव्यापर्यंत राहिली. रोज असरनंतर कबरीवर जायची. जाताना खालाच्या पेटीतून एक कापडी पिशवी तिच्या हाती लागली, ती तिनं मला दाखवायला आणली. आत मोठ्या खालाचा फोटो होता. पासपोर्टसाठी काढतात तसा, समोर बघणारा, डोक्यावरून पदर. मागे पेन्सिलीनं मुरूडच्या फोटोवाल्यानं तारीख घातलेली, १९५४. फोटोच्या तीन प्रती होत्या. तिन्ही कोऱ्या, कुठल्याच कागदावर डकवलेल्या नाहीत. एक मुलगी घेऊन गेली, एक भावाकडे राहिली, तिसरी तिनं मला दिली. मी ती जगाच्या नकाशाच्या पुस्तकात, आफ्रिकेच्या पानात ठेवली आहे.